फटफटीचा क्लच आणि अप्पांचा बटवा

माझे वडील, म्हणजे अप्पा, आणि आमचे हे एकमेकांशी बोलत नसत. भांडण झालं होतं म्हणावं, तर आवाज कुणाचाच चढला नव्हता. गडहिंग्लजला आमचा तेलाचा घाणा होता. अप्पांना मुलगा नाही, आम्ही दोघी बहिणीच. थोरल्या जावयानं घाणा सांभाळावा, असं अप्पांनी माझं लग्न ठरवतानाच मनात धरलेलं. आणि ह्यांनी काय करावं? कोल्हापुरात एका सरदारांच्या मोटारखान्यात मिस्त्री म्हणून नोकरी धरली. ‘बैलामागं गोल गोल फिरणं आपल्याच्यानं व्हायचं न्हाय,’ असं अव्वापाशी, म्हणजे माझ्या आईपाशी, बोलून गेले. ते अप्पांच्या कानावर गेलं आणि संपलंच सगळं.

तेव्हापासून मध्ये मी. “सांग त्यांना, पाट मांडलाय म्हणावं.” “सांग अप्पांना, हात धुऊन येतो.” दोघं एकाच सोप्यात, पुढच्या पडवीत, बसलेले, एकाचं बोलणं दुसऱ्याला लख्ख ऐकू जातंय, आणि तरी मी आपली इकडचा निरोप तिकडं पोचवतेय. डोकं उठायचं माझं. एकदा तर म्हटलंही, “तुमी दोघं बोला न्हायतर मला तरी मुकं करा!” दोघंही गप्प बसले. ह्या एका बाबतीत मात्र दोघांचं पक्कं एकमत.

थोरल्या महाराजांचं राज्य होतं तेव्हा. कोल्हापुरात मोटारी बोटावर मोजण्याएवढ्या, फटफट्या त्याहून कमी. एक साहेब विलायतेला परत जाताना आपली मोडकी फटफटी, बाजूला माणूस बसायच्या डब्यासकट, टाकून गेला होता, ती ह्यांनी ढकलत घरी आणली. संध्याकाळ झाली की तिच्याशेजारी जाऊन बसायचे. गल्लीतल्या बायका मला म्हणायच्या, “सवत आली की गं तुजी!” मी म्हणायचे, “सवत तरी भाकरी थापू लागली असती, ही नुसती रॉकेलच्या वासानं घर भरत्या.” पण खरं सांगते, सगळी जुळवून झाल्यावर ती पहिल्यांदा फटफट करायला लागली, तेव्हा मीही टाळ्या पिटल्या होत्या.

तिचा एकच रोग राहिला होता, क्लचचा. इंजिनाचा जोर चाकाकडं जायचा तो दोन तुकड्यांतून. एक लोखंडी वाटी आणि तिच्यात बसणारा, बाहेरून कातड्यानं मढवलेला लोखंडी गड्डा. स्प्रिंगनं गड्डा वाटीत दाबून धरला की दोन्ही एकजीव होऊन फिरायचे. हातातला दांडा ओढला की सुटे व्हायचे. आता ते कातडं झिजून पार पातळ झालेलं. ह्यांनी चपला करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडून चांगलं जाड कातडं आणलं, मापात कापलं, तांब्याच्या खिळ्यांनी गड्ड्यावर बसवलं. स्प्रिंगाही नव्या आणल्या. मग तो मढवलेला गड्डा सोप्यात पोत्यावर ठेवून हे आंघोळीला गेले, आणि अंधार पडता पडता आत बसवून टाकला.

अप्पा नेमके तेव्हाच आमच्याकडं उतरले होते. तेलाचे डबे गाडीत घालून कोल्हापूरच्या बाजारात आले होते आणि परत जाताना मला घेऊन जाणार होते. तंगीचे दिवस भरत आले होते. तंगी म्हणजे माझी धाकटी बहीण. आमच्या कानडी सीमेकडच्या घरात अव्वा, अप्पा, अक्का, तंगी असंच चालायचं. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं, आणि त्या वेळी तीही जाता जाता राहिली होती. त्यानंतर तिनं एकच धरून ठेवलं होतं. “अक्का, पुढच्या टायमाला तू माझ्या उशाला बस. तू नसलीस तर मी न्हाय वाचत.” मी तिच्या डोक्यावर हात ठेवून येते म्हटलं होतं. वेडेपणा म्हणा हवं तर, पण तिचा सगळा धीर त्या एका शब्दावर होता, आणि ते मला ठाऊक होतं.

सकाळी अप्पा बैलांना वैरण घालत होते आणि मी गाठोडं बांधत होते, तोवर तार आली. तंगीला कळा सुरू झाल्या आहेत, अक्काला धाडा. दिवस अजून बाकी होते आणि कळा आधीच आल्या होत्या. बैलगाडीनं पोचायला दुसरा दिवस उजाडला असता.

“फटफटी तयार हाय,” हे म्हणाले. “क्लच कालच बसवलाय. चल, ऊठ.”

अप्पांनी वैरण तिथंच टाकली. “सांग त्यांना, मीबी येतो.”

आता बसायचं कसं? डब्यात मी आणि माझं गाठोडं. राहिली ह्यांच्या मागची बैठक, तिथं अप्पा. डोक्याला भला मोठा रुमाल, कपाळावर विभूतीचे तीन पांढरे पट्टे, कमरेला बटवा. धरायला तिथं काही नव्हतं. पहिला खड्डा आला तशी अप्पांनी ह्यांची कंबर दोन्ही हातांनी घट्ट आवळली. जिवाला एवढा घोर असताना मला हसू फुटलं बघा. पदर तोंडात कोंबून बसले.

उचगाव मागं पडलं, कागल आलं आणि गेलं. सपाटीला गाडी छान पळाली. कागलच्या पुढं दूधगंगा ओलांडून चढाला लागलो आणि इंजिन एकदम किंचाळायला लागलं. आवाज वाढतोय आणि गाडी मंदावतेय. जळकट वास सुटला. ह्यांनी गाडी बाजूला घेतली. “क्लच घसरतोय,” म्हणाले, आणि नव्या कातड्याचा क्लच घसरावाच कसा, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

आधी त्यांनी दांड्याची तार बघितली. कातडं आधीपेक्षा जाड, त्यामुळं तार ताणली गेली असेल आणि क्लच कायमचा अर्धवट सुटा राहत असेल, असं त्यांना वाटलं. तार ढिली केली. जरा बरं वाटलं. त्या बरं वाटण्यावर निपाणी पार केली. मी डब्यात बसून सगळ्या देवांना एकेक करून हाका मारत होते.

निपाणीच्या पुढं घाट. घाटाच्या तोंडालाच फटफटीनं हात टेकले. इंजिन बोंबलतंय, चाक जागच्या जागी. ह्यांनी खाली उतरून स्प्रिंगांचे नट आवळले. तेवढ्यापुरती गाडी हलली, आणि पहिल्या वळणाच्या आतच परत उभी. उलट मागंच सरकायला लागली. अप्पांनी उडी मारून चाकाला दगड लावला.

“सांग त्यांना,” अप्पा मला म्हणाले, “बैल असतं तर एव्हाना...”

“सांग अप्पांना,” हे म्हणाले, “बैल असतं तर अजून कागलबी आलं नसतं.”

झालं! मी डब्यातून उतरले आणि दोघांवर एकदम तोंड सोडलं. “माजी तंगी तिकडं मराय लागल्या, आनि तुमचं सांग त्यांना आनि सांग ह्यांना! मी न्हाय सांगत कुणाला काय. तोंडं हायत न्हवं? बोला की एकमेकांसंगं! न्हायतर मी चालत निघाले.” आणि खरोखर चार पावलं चाललेही. मग रडू कोसळलं म्हणून दगडावर बसले.

ह्यांनी पाने घेतले आणि क्लच उघडला. गड्डा बाहेर काढून त्याच्या कातड्यावर बोट फिरवलं. बोट चकाकलं. नाकाशी नेलं, कपाळाला आठी पडली, आणि बोट माझ्यापुढं धरलं. मला हुंगायचीही गरज नव्हती. करंजाचं तेल. त्या वासातच लहानाची मोठी झाले मी. कातडं तापलं होतं आणि त्यातून तेल पाझरत होतं.

अप्पा उभे होते ते खाली बसले. रुमाल काढून मांडीवर घेतला. आणि माझ्याकडं नाही, सरळ ह्यांच्याकडं बघून म्हणाले, “मीच लावलं.”

ह्यांनी तेलकट बोट चिंधीला पुसलं आणि अप्पांकडं वळले.

“काल सोप्यात पडलेलं. कोरडं ठक्क. नव्या कातड्याला तेल पाजल्याबिगर कुणी वापरतं व्हय? चप्पल असू दे, मोट असू दे, बैलाचा पट्टा असू दे. चिरतंय की त्ये. तुमी आंघुळीला गेलता. म्हटलं, आपल्या हातनं तेवढंच. चांगलं जिरवलं आनि पुसूनबी काढलं.”

मला काय वाटलं ते कसं सांगू? राग यायला हवा होता, आणि आलाही. पण ‘आपल्या हातनं तेवढंच’ हे ऐकून तो राग टिकेना. ज्या यंत्रापायी जावई हातचा गेला, त्याच यंत्राच्या तुकड्याला ह्या माणसानं मांडीवर घेऊन अंगठ्यानं तेल चोळलं होतं. कुणाला कळू न देता. आणि नेमकं त्यानंच घात केला होता.

मी ह्यांच्याकडं बघितलं. इतक्या दिवसांचं सगळं बोलून घ्यायला ह्याहून चांगली वेळ मिळाली नसती. ते गड्डा हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, “कातडं चांगलंच हाय, अप्पा. तेलबी चांगलं हाय. पन ह्या कातड्यानं मऊ पडायचं नसतंय. धरून ठेवायचं असतंय.” आणि उठून टाकीतलं थोडं पेट्रोल चिंधीवर घेतलं. “ह्येनं वरचं निघंल. आतलं शोसून घ्यायला काय तरी कोरडं, मऊ पायजे. राख मिळंल का कुठं?”

राख कुठली मिळायला? भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, जवळ खोपटंही नाही. रस्त्याची माती घ्यावी तर तिच्यात खडे, कातडं सोलवटून निघालं असतं. मी इकडं तिकडं बघत होते आणि बघता बघता माझी नजर अप्पांच्या कपाळावर गेली. मी लगेच खाली वळवली. तसं मनात आणणंही पाप वाटलं. पण अप्पांनी बघायचं ते बघितलं होतं.

त्यांनी कमरेचा बटवा सोडला. त्यात विभूतीची वडी होती, पांढरीशुभ्र, नवी. आमच्या अप्पांनी विभूती लावल्याशिवाय कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता, आणि विभूतीला आंघोळीआधी हात लावला नव्हता.

“नको, अप्पा,” ह्यांनी हात मागं घेतला. “देवाची हाय ती.”

“तंगीबी देवाचीच हाय की,” अप्पा म्हणाले. “किती बारीक पायजे, त्ये बोला.”

सपाट दगड बघून त्यांनी वडी फोडली, गोट्यानं कुटली, उपरण्याच्या शेवातून चाळली. हे पेट्रोलनं कातडं पुसत होते आणि अप्पा वरून विभूती चोळत होते, त्याच अंगठ्यानं. राख तेलकट, काळी पडली की झटकायची, परत नवी लावायची. “अजून?” “अजून जरा, अप्पा. हितं कडेला.” “हितं?” “व्हय, तिथंच.” मी दगडावर बसून ऐकत होते. डोळ्यांतलं पाणी कशाचं होतं ते माझं मलाच कळेना. सगळी वडी संपली तेव्हा कुठं कातडं कोरडं, राखाडी दिसायला लागलं.

क्लच बसवला. फटफटी सुरू झाली. दांडा सोडताच गाडीनं असा हिसका दिला की अप्पांचा रुमाल उडाला. तो उचलायलाही कुणी थांबलं नाही. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं, इंजिनाचा आवाज आणि चाक एकमेकांना धरून होते. “धरतोय की ओ!” अप्पा ह्यांच्या कानात ओरडले. “धरतोय!” घाटमाथा आला तेव्हा मी सोडलेला श्वास मला अजून आठवतो.

गडहिंग्लजला दारात पोचलो तर अव्वा उंबऱ्यातच उभी. “बाळ आडून बसलंय,” एवढंच म्हणाली. मी तशीच धुळीच्या अंगानं आत धावणार होते. सुईणीनं हातपाय धुवायला लावले. तंगीचे डोळे मिटलेले. मी उशाला बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, “रॉकेलचा वास येतोय तुझा.” हसायचं की रडायचं, सांगा! मग तिनं माझा हात धरला. तो असा धरला की मनगटावरचे वळ पुढं कितीतरी दिवस राहिले, आणि ते मी कौतुकानं सगळ्यांना दाखवत फिरले.

दिवस कलायच्या आत मुलगी झाली. जरा वेळ गप्प, आणि मग असली मोठ्यानं रडली की बाहेर बांधलेला घाण्याचा बैल उठून उभा राहिला. तंगी घामानं निथळत होती, दमली होती, आणि जिवंत होती. सुईण म्हणाली, “ह्या खेपंला पोरीनं धीर सोडला न्हाय.” माझा जीव भांड्यात पडला.

आमच्याकडं नवीन बाळाच्या कपाळाला पहिली विभूती आजोबा लावतात. अप्पा आंघोळ करून आले, उघड्या कपाळानं. बटव्यात हात घातला आणि थांबले. अव्वा ओरडली, “अय्या, विभूती कुठं गेली ओ?”

“घाटात लागली,” अप्पा म्हणाले.

अव्वा पुटपुटत देवघरातून नवी वडी घेऊन आली. अप्पांनी बाळाला बोट लावलं, आपल्या कपाळावर तीन पट्टे ओढले. मग वडी हातात घेऊन कट्कन मधोमध मोडली. अर्धी बटव्यात टाकली आणि अर्धी घेऊन अंगणात आले. हे फटफटीपाशी हात पुसत उभे होते. मी मध्येच उभी होते, सवयीनं. अप्पांनी मला हातानं जरा बाजूला सारलं.

“जावईबापू,” ते म्हणाले, “परत जाताना घाट हायच की. ही ठेवा तुमच्यापाशी.”

हे वाकून त्यांच्या पाया पडले आणि वडी दोन्ही हातांनी घेतली. क्लच पुन्हा कधी घसरला नाही. पण फटफटी विकेपर्यंत ती अर्धी वडी तिच्या हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या शेजारी, फडक्यात बांधलेली होती.