चावी नसलेला ट्रक

"बाबा, उतरा आधी!" मी ट्रकच्या पायरीवर चढून ओरडत होते. इंजिन सुरू होतं.

कोथरूडच्या आमच्या आवारात बाबांचे दोन जुने फोर-व्हील ड्राइव्ह ट्रक आहेत. एक नागरी, दुसरा लष्कराच्या लिलावातला. बाबा घरचा रस्ता विसरू लागले तेव्हा मी नागरी ट्रकची चावी लपवली. लष्करी ट्रकला चावीच नसते, हे मला ठाऊक नव्हतं.

"लढाईत चावी शोधत बसायचं का?" बाबा हसले. "याला नुसतं बटण."

त्यांनी इंजिन बंद केल्यावर मी बॅटरीची वायर काढली. मला मेकॅनिक समजून ते म्हणाले, "नीट जोडा हं. पोरीला फिरवून आणायचंय."

तुम्ही आपल्या माणसांना कसं थांबवता?

सकाळी या पोस्टला जोडलेली ओळ: बाबांनी आज पुन्हा बटण दाबलं. ट्रक सुरू झाला नाही. ते घरात आले आणि त्यांनी चहा मागितला.