कॅमेरा बंद ठेवणाऱ्यांची यादी

तीस वर्षं मी गणित शिकवलं आणि तीस वर्षं मी मुलांना मारलं. उगाच शब्द कशाला सजवायचे? मारायला कायद्यानं बंदी आली तेव्हा मुख्याध्यापकांनी सगळ्यांच्या सहीसाठी कागद फिरवला. मी सही केली आणि त्याच तासाला एकाला हाणला. माझी एक लाकडी पट्टी होती, फूटभर लांब, कडेला पितळेची पत्ती बसवलेली. वर्गात माझे दोन नियम. हात आपण होऊन पुढे करायचा, मागे घेतला की दुप्पट. आणि ज्यानं खायच्या त्यानंच मोठ्यानं मोजायच्या. "गणिताचा तास आहे, मोजा," मी म्हणायची. वर्ग हसायचा. मार खाणाराही कधीकधी हसायचा, आणि मला वाटायचं, चला, पोरं मनाला लावून घेत नाहीत.

माझे वडीलही मास्तरच. सातच्या पाढ्यासाठी त्यांनी मला एवढं बडवलं होतं की डाव्या हाताची करंगळी अजून पुरती मिटत नाही. पण सातचा पाढा मी झोपेतही म्हणेन. याचा मला अभिमान होता, आणि तो मी दरवर्षी जूनमध्ये नव्या वर्गाला करंगळी दाखवून सांगायची.

मग करोनात शाळा बंद झाल्या आणि वर्ग माझ्या शनिवार पेठेतल्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर आला. पहिल्या दिवशी लॅपटॉपचा पडदा खाली कलला होता आणि माझा आवाज बंद होता. अर्धा तास मी आठवीच्या वर्गाला नुसती हनुवटी दाखवत, मुक्यानं, बैजिक राशी शिकवल्या. कोणी सांगितलंही नाही. कशाला सांगतील? माझ्या तासाला पहिल्यांदाच फुकटची करमणूक मिळाली होती त्यांना.

शाळेत संगणक शिकवणारी एक तरुण मुलगी होती, हडपसरला राहणारी. ती रोज दुपारी फोनवरून मला शिकवायची. "मॅम, राइट क्लिक करा. नाही मॅम, राइट. मॅम, तो लेफ्ट आहे." तिसऱ्या दिवशी मी माउस भिंतीवर फेकला. फुटला. ती पलीकडून शांतपणे म्हणाली, "ओके मॅम, नवीन आणलात की कंटिन्यू करू." मला तिच्या कानाखाली जाळ काढावासा वाटला. पण ती हडपसरला आणि मी इथे, आणि तिच्यावाचून माझं अडत होतं.

पोरं तर मोकाट सुटली होती. कोणी मधेच कुत्रं भुंकल्याचा आवाज लावायचा. मी पडद्यावर समीकरण मांडलं की कोणीतरी त्याला मिशा काढायचा. कोण ते कळायचं नाही. हात नुसते शिवशिवायचे. एकदा मी पट्टी काढून टेबलावर अशी हाणली की काचेला तडा गेला, आणि पडद्यावरचे चाळीस चौकोन दचकण्याऐवजी खुदखुदले. त्या दुपारी मी रडले, खरं सांगते. रागानं रडले.

मग त्या हडपसरच्या पोरीनं मला सगळ्यांना एकदम म्यूट करायचं बटण दाखवलं. अहो, काय सांगू! एक बोट, आणि चाळीस तोंडं बंद. शिवाय आपली आपण उघडायची सोयही काढून घेता येत होती. मी ते बटण पहिल्या दिवशी विनाकारण सात-आठ वेळा दाबलं असेल. त्यानंतर मी झपाट्यानं शिकले. चाचणी लावायला शिकले, पडदा दाखवायला शिकले, हजेरीचा तक्ता करायला शिकले आणि त्यात नियम मोडणाऱ्याच्या चौकोनात लाल रंग भरायलाही शिकले.

राहिले ते कॅमेरा बंद ठेवणारे. काळा चौकोन, खाली नाव. पलीकडे पोरगं लोळतंय की खेळतंय, देव जाणे. आता आमच्या शाळेत एक जुनी रीत आहे. बाई वर्गात नसल्या की मॉनिटर फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात बडबड करणाऱ्यांची नावं लिहितो. बाई आल्या की आधी तो कोपरा वाचतात, मग नावाप्रमाणे पट्टी. मला वाटलं, तो कोपरा इथेही पाहिजे. मी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज यादी टाकायला लागले: आज कॅमेरा बंद ठेवणारे विद्यार्थी. मुद्दाम ग्रुपवर. चारचौघांत नाव निघालं की घरून चोप बसतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. पट्टी मला घरपोच करता येत नव्हती, ती मी पालकांच्या हाती दिली.

आठवड्यात यादी अठरावरून चारवर आली. मग एकावर. ती एक मुलगी काही केल्या कॅमेरा लावेना. सहामाहीला पैकीच्या पैकी मिळवणारी, कधी वर न बघणारी मुलगी. वर्गात मी तिला एकदाच मारलं होतं, सातवीत, वही विसरली म्हणून. पाच. नीट मोजल्या होत्या तिनं. मी तिला रोज विचारायची, "कॅमेरा का बंद?" आणि ती चॅटमध्ये लिहायची, "सॉरी मॅडम." नुसतं सॉरी. माझ्या डोक्यात तिडीक जायची. माजली आहे, मी म्हणायची.

खरं कारण मला नंतर कळलं. धायरीला त्यांची एकच खोली. वडील कारखान्यात, कायम रात्रपाळीला. सकाळी घरी येऊन ते तिच्या मागेच जमिनीवर झोपायचे, उघड्या अंगानं, तोंड वासून. आई स्वयंपाकाच्या कामांना गेलेली. आपला झोपलेला बाप चाळीस जणांना दिसू नये म्हणून ती कॅमेरा बंद ठेवायची. फोनही वडिलांचाच. माझी यादी वर्ग संपल्या संपल्या यायची, तेव्हा फोन तिच्याच हातात असायचा. ती मेसेज पुसून टाकायची आणि फोन त्यांच्या उशाशी ठेवायची.

एका रविवारी मी नवीन शिकलेली करामत दाखवायला आठवड्याचा अख्खा तक्ता ग्रुपवर टाकला. इतरांचे चौकोन हिरवे. तिची ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत लाल. खाली मी लिहिलं, "या पालकांनी पाल्याकडे लक्ष द्यावे." लगेच कोणीतरी टाळ्यांची चित्रं टाकली. रविवार होता, वर्ग नव्हता, आणि फोन वडिलांच्या हातात होता.

सोमवारी अकराला वर्ग सुरू झाला. मी सवयीनं सगळ्यांचे आवाज बंद केले. तेवढ्यात तिचा काळा चौकोन उजळला. मला जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. पडद्यावर ती जमिनीवर बसलेली, कानात पांढऱ्या वायरीचा इअरफोन. तिच्या मागून एक माणूस आला, कारखान्याचा निळा शर्ट अजून अंगात. झोपायचं सोडून तो या वेळेची वाट बघत थांबला होता. त्यानं आधी मला नमस्कार केला, दोन्ही हात जोडून. काहीतरी बोललाही, पण आवाज मीच बंद केलेला. मग त्यानं चार्जरची वायर दुहेरी केली आणि तिच्या पाठीत ओढली.

एक. दोन. तिसरी मानेवर बसली. ती वाकली तर त्यानं केसाला धरून तिचं तोंड वर केलं, कॅमेऱ्यात नीट दिसावं म्हणून. मी किंचाळले, "अहो थांबा! थांबा म्हणते ना! मारू नका तिला!" पण इअरफोन तिच्या कानात होता. त्या खोलीत माझं ओरडणं ऐकू जात होतं ते फक्त तिला. तो मारत होता आणि मी तिच्या कानात ओरडत होते. सगळं मुक्यानं चाललं होतं, तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. बाकीच्या चौकोनांत पोरं बसल्या जागी थिजली होती. एका मुलीनं कॅमेऱ्यावर तळहात ठेवला.

मला वाटलं, तिचा आवाज उघडला तर निदान कळेल, काहीतरी करता येईल. तिच्या नावावर गेले, पर्यायांची यादी उघडली आणि घाईत दाबलं भलतंच. तिचा चौकोन पडद्यावरून गेला. खाली इंग्रजीत ओळ आली की तिला वर्गातून काढून टाकलं आहे. परत यायची वाटही बंद, तशी सेटिंग मीच हौसेनं शिकून लावली होती. मार चालूच असणार, फक्त आता आम्हाला दिसत नव्हता.

त्यांच्या फोनवर फोन लावला. वाजला, कापला. पुन्हा लावला, बंद. हडपसरच्या मुलीला फोन केला, "पत्ता दे, धायरीचा पत्ता दे लवकर!" तिनं पहिल्यांदाच मॅम न म्हणता पत्ता वाचून दाखवला, मीच तिच्याकडून करून घेतलेल्या मुलांच्या पत्त्यांच्या तक्त्यातून. पोलिसांना कळवायचं आणि वर्ग सांभाळायचं तिला सांगितलं आणि घरातल्या गाऊनवर ओढणी टाकून स्कूटर काढली.

सिंहगड रस्त्यावर मी त्या दिवशी दोन जणांना शिव्या घातल्या आणि एकाचा आरसा उडवला. सगळ्या रस्त्यानं मी त्या माणसाला मारत होते, मनात. कॉलर धरून, थोबाडावर, माझ्या पितळी पत्तीच्या पट्टीनं. दात पाडीन हलकटाचे, असं मोठ्यानं बोलत होते. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला माझ्याकडे बघत राहिला.

तिसऱ्या मजल्यावरचं दार त्यानंच उघडलं. मला बघून एकदम अदबीनं मागे सरला. "या मॅडम, या. तुम्ही कायले त्रास घेतला? आता नाही करत ते बंद. चांगली समज देली तिले." वायर अजून त्याच्या हातात होती. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, फ्रॉक पाठीवर फाटलेला, मानेवर वायरीचा वळ उठलेला आणि त्यातून रक्त झिरपत होतं.

"लाज नाही वाटत?" मी ओरडले. "गुरासारखं मारता पोरीला?"

तो खरोखर गोंधळला. "तुम्हीच लिहिलं ना मॅडम, लक्ष द्या म्हणून? सगळ्या ग्रुपसमोर? माझा सुपरवायझर हाय त्या ग्रुपात, त्याचा पोरगा तुमच्याच वर्गात. त्यानं मले फोन करून विचारलं, पोरगी सांभाळता येत नाही का म्हणून." मग हळू आवाजात म्हणाला, "तुमच्या हातचा मारही खाऊन आली होती ती सातवीत. तेव्हा मी आलो होतो का तुम्हाले विचारायले?"

याचं उत्तर मी त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं, चुकीची कबुली देऊन, माफी मागून, यादी काढून टाकून. पोलिसांनी त्याला बोलावून दम भरला. ती पुढे दहावीपर्यंत माझ्याच वर्गात होती, शाळा उघडेपर्यंत कॅमेरा बंद ठेवूनच. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी तो खरं बोलत होता आणि तेच मला सहन झालं नाही. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी दोन पावलं पुढे गेले आणि हात उगारला, त्याच्या थोबाडावर, पूर्ण ताकदीनिशी.

मधे ती आली. बापाला वाचवायला नाही. तिनं फक्त माझा वर गेलेला हात पाहिला होता. भिंतीपासून सुटून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, डोळे गच्च मिटले आणि उजवा हात पुढे केला. तळवा वर, बोटं सरळ, अंगठा बाजूला, जसा मी शिकवला होता तसा.

माझा हात खाली आला. मी तिचा तळवा नुसता हातात घ्यायला गेले, माझी बोटं त्याला लागली.

"एक," ती म्हणाली.