सुमनकाकूंची रुई

खामगावच्या आमच्या गल्लीत सुमनकाकूंच्या दारात जाऊन हाक मारायची सोय नव्हती. कडीही वाजवायची नाही. गुपचूप ओसरीवर बसायचं, काकूंचं लक्ष जाईल तेव्हा जाईल. दूधवालासुद्धा पातेलं भरून चोरासारखा निघून जायचा. एवढा थाट कोणासाठी, तर पलंगाखाली दडलेल्या एका कुत्रीसाठी.

रुई तिचं नाव. कान कुठल्याशा विलायती जातीचे, पाय आपल्या गावठी कुत्र्याचे आणि काळीज चिमणीचं. काका वारल्यावर आई एकटी पडली, घराला राखण हवी, म्हणून अकोल्याचा मुलगा दिनेश काकूंना बेवारस जनावरं सांभाळणाऱ्या लोकांकडे घेऊन गेला. तो एक दांडगा, भुंकणारा कुत्रा बघत होता. काकू मात्र भिंतीकडे तोंड करून बसलेल्या रुईपाशी थांबल्या. तिथल्या बाईंनी सांगितलं, हिला दोन घरांनी परत केलंय.

"मंग तर हेच पाह्यजे," काकू म्हणाल्या. विषय संपला.

आपल्याकडे कुत्रं दिसलं की भाकरीचा तुकडा दाखवून 'यू यू' करायची रीत. रुई ते ऐकलं की थरथरायची, अंगाखाली ओलं करायची. "कोनीतरी असंच बलावून मारलं हिले," काकूंनी ताडलं आणि गल्लीला ताकीद दिली. जिनिंग कारखान्यात जन्मभर कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचलेली बाई. चिकाटी काय विचारता! रुईपुढे ताटली ठेवायच्या, तिच्याकडे पाठ करून तुरीची डाळ निवडत बसायच्या. मी एकदा छेडलं, "काकू, कुत्रीवर रुसल्या का?"

"रुसू काऊन बे? मी पाह्यलं तर ते जेवत नाही."

दिवाळीला दिनेश आला आणि सवयीनं चकलीचा तुकडा पुढे करून 'यू यू' करून बसला. रुई जी सुटली ती फाटकाबाहेर. अख्खी गल्ली तिच्यामागे, आणि कहर म्हणजे सगळे 'यू यू' करत! बंद पडलेल्या तेलगिरणीपाशी ती एका हातगाडीखाली शिरली. काकू तिथे पोचल्या त्या तापूनच. "तोंडं बंद करा अन् घरी जा सारे." स्वतः गाडीजवळ मातीत बसून राहिल्या. दिवेलागणीला परतल्या, तेव्हा रुई त्यांच्या लुगड्याला चिकटून चालत होती.

पण दिनेशचं डोकं फिरलं होतं. राखणीला आणलेलं कुत्रं चकलीला भितं, उद्या परत देऊन येतो, म्हणाला. सकाळी त्यानं गाडी काढली, तर काकू रुईला मांडीवर घेऊन मागच्या सीटवर. पायाशी कपड्यांची पिशवी.

"आई, तू कुठं निघाली?"

"मलेबी सोडून दे तिथं. मीबी भुकत नाही, मलेबी राखन जमत नाही. बिनकामाचं परत कराचं असते ना?"

दिनेशनं गाडी बंद केली, उतरून आईची पिशवी घरात नेऊन ठेवली.

यंदा उन्हाळ्यात काकू गेल्या. फार चुटपुट लागली. तेराव्याला मी दिनेशजवळ बसलो होतो, तेव्हा त्या संस्थेच्या बाईंचा फोन आला. आई गेल्या, आता रुईला परत घेऊन जाऊ का, असं त्या विचारत होत्या. अकोल्यात राहून शुद्ध बोलायला शिकलेला दिनेश एकदम आपल्या बोलीवर आला.

"परत काऊन? घरचं मानूस हाय ते."