विभूतीखालची पंधरा अक्षरं

माझी सून गंगासागर चालताना डावं पाऊल थोडं उशिरा टेकवते. लहानपणी ताप आला होता, तेव्हापासूनचं. नांदूरघाटला तिला बघायला गेलो, तेव्हा सोबतच्या बायका माझ्या कानाशी लागल्या, पाय बघितला का म्हणून. मी म्हटलं, बघितला, आणि हातही बघितले. दहा कपांचा ट्रे घेऊन ती तशा पायानं आली आणि एकाही बशीत थेंब सांडला नव्हता. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. सिद्धाराम, माझा मुलगा, त्याला मागनं विचारलं.

त्या हातांबद्दलच लिहायचं आहे. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, त्यातली चौथी निम्मीच, तेव्हा वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

तिचं माहेर नांदूरघाट, आमचं गाव घाटनांदूर. इथं आमचं किराणा दुकान होतं. सिद्धारामला दुकानापेक्षा यंत्राचा नाद. तेरा वर्षांपूर्वी त्यानं लातूरहून कॉम्प्युटर आणला. पडदा, बटणांची पाटी आणि एक मोठा डबा. डब्याच्या अंगावर पाच बोटं लांब चकचकीत स्टिकर उभं चिकटवलेलं होतं. ते दाखवून मला म्हणाला, "आई, डबा सगळेच घेतेत. हे कुणी घेत न्हाई. ह्याच्यातलं विंडोज खरं हाय, चोरीचं न्हाई. हा त्याचा दाखला."

विंडोज म्हणजे डब्याला शहाणपण देणारी वस्तू, एवढं मला कळलं. ते नसलं की डबा नुसता डबा. आमच्या दुकानात गोडेतेलाचे असे बरेच होते.

त्या साली दसरा आला. आमच्या घरात खंडेनवमीला वजनकाटा, मापं, विळा, शिलाई मशीन सगळं धुऊनपुसून मांडतात. आमच्याकडं आधी विभूती, मग हळदकुंकू. बोटं ओली करायची, विभूतीच्या गोळ्यावर घासायची आणि तीन पट्टे ओढायचे. पण कुठंही ओढून चालत नाही. ज्या वस्तूचं जिथं कपाळ, तिथंच. काट्याचं कपाळ वरच्या दांडीला, मशीनचं चाकाशेजारी. कॉम्प्युटरचं कपाळ कुठं? मी डबा फिरवून फिरवून बघितला. सगळा काळा, एकच जागा उजळ, आणि पोरानं सांगितलेलं की दाखला तो हाच. मग दुसरीकडं कुठं लावणार? मी स्टिकरच्या बरोबर मधोमध तीन पट्टे ओढले. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसून घेतलं, घासून, कारण विभूती वाळली की लवकर निघत नाही.

असे तेरा दसरे झाले. कुठल्याच दसऱ्याला मी चुकले नाही.

चार वर्षांपूर्वी सिद्धाराम पोटाच्या दुखण्यानं गेला. त्याच्या दवाखान्यात दुकान गेलं, बांधाचा तुकडा सोडून शेत गेलं, माझ्या पाटल्या गेल्या, गंगासागरची बोरमाळ गेली. माझ्या गळ्यात दोऱ्यातल्या लिंगाशिवाय काही राहिलं नाही. दिवस झाले तसा तिचा भाऊ वीरभद्र पुण्याहून आला. चांगला माणूस आहे, तिकडं कारखान्यात आहे. म्हणाला, "अक्का, पोरीला घे आन् चल. इथं काय खाशील?"

गंगासागरनं डब्याकडं बोट केलं. "ह्याच्यावर खाईन."

"आन् ह्याचं काम बंद पडलं तर?"

"तर येईन," ती म्हणाली. त्याला वाटेला लावायला म्हणाली. पण शब्द गेला तो गेला.

तिनं संभाजीनगरच्या एका कंपनीचं काम धरलं. जुन्या सरकारी वह्यांचे फोटो यायचे, हातानं लिहिलेले, शाई उडालेले. ते वाचून टाइप करायचं. डावा पाय विटेवर ठेवून ती सकाळी बसायची ती दुपारच्या भाकरीलाच उठायची. मी शेजारी शेंगा फोडत बसायचे. मधेच ती हसायची.

"काय गं?"

"हा तलाठी लई घाईत होता, आत्याबाई. निम्मी वेलांटी देऊन उठलाय. घरी पाहुणे आले आसतील."

साठ वर्षांपूर्वीचा तलाठी. त्याची घाई तिला दिसायची. एखादं अक्षर लागलं नाही तर ती ते बोटानं मांडीवर लिहून बघायची, तीनदा, चारदा, आणि मग "हां, हा 'भ' हाय बिचारा" म्हणून पुढं जायची. कंपनीच्या साहेबानं एकदा फोन करून सांगितलं की तुमच्या कामात चूक सापडत नाही. तिनं तो फोन झाल्यावर पदरानं पडदा पुसला, बस. मला मात्र चार घरं सांगत फिरावं वाटलं, आणि मी फिरले.

आता झालं ते सांगते. दिवाळी सरली. ऊसतोडीच्या गाड्या गेल्या, निम्मं गाव कुलपात. एका सकाळी लाइट गेली, आली, परत गेली, आणि येताना अशी आली की बल्ब फुटला. डबा उठेना. अंबाजोगाईहून धर्मराज आला. पस्तिशीचा गडी, कॉम्प्युटर दुरुस्त करतो, सिद्धारामचा दोस्त, म्हणून येण्याजाण्याचंही घेत नाही. त्यानं डबा उघडला, हुंगला आणि म्हणाला, "वहिनी, बोर्ड जळालाय. जुन्यातला दुसरा बसवतो."

बसवला. डबा उठला. आम्ही दोघी आणि माझी नात वर्षाराणी, आठवीतली, तिघींनी हात जोडले. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं आली. गंगासागरनं वाचली आणि तिचा हात बटणांवरून उठला.

"धर्मराज भाऊजी, हे म्हणतंय विंडोज खरं न्हाई."

"न्हाई म्हणणारच की," धर्मराज म्हणाला. "लायसन जुन्या बोर्डाला बांधलेलं आसतंय. बोर्ड बदलला की ते तुमाला वळखत न्हाई."

"घर तेच, माणसं तीच, कावून वळखत न्हाई?" मी विचारलं.

"काकू, ते माणसं बघत न्हाई, बोर्ड बघतंय. सिद्धारामनं ते कुठल्या खात्याला जोडलं आसतं तर सोपं होतं. पण त्यानं जोडलंच न्हाई." मग हळूच म्हणाला, "मी टाकून देतो की फुकटातलं. निम्मं घाटनांदूर त्याच्यावरच चाललंय."

मी म्हटलं, "टाक बाबा."

"नको," गंगासागर म्हणाली. "कंपनी दर महिन्याला तपासतीया. केजच्या एका पोरीचं खोटं निघालं, तिला परत काम दिलं न्हाई. ह्या सोमवारी माझी तपासणी हाय."

त्या दिवशी मंगळवार होता.

धर्मराज म्हणाला, मग एकच वाट. विंडोजवाल्यांच्या मदतीच्या नंबरावर फोन करायचा, बोर्ड जळाला म्हणून सांगायचं आणि स्टिकरवरचा नंबर वाचून दाखवायचा. पाच पाच अक्षरांचे पाच गट. नंबर खरा असला की ते परत चालू करून देतात. "स्टिकर हाय ना?"

"हाय की!" मीच ओरडले. मला कोण आनंद झाला. पोराचं शहाणपण शेवटी कामी आलं. मी स्वतः डबा वळवला.

पहिली पाच अक्षरं होती. शेवटची पाच होती. मधे काही नव्हतं. पांढरं, गुळगुळीत, पाट्यावर घासल्यासारखं. आणि नीट बघितलं तर तीन बोटांची रुंदी.

धर्मराज म्हणाला, "हे आसं कशानं झालं? ह्याच्यावर काय सांडलं?"

मी माझी बोटं पदरात घेतली. राखेनं मी सगळ्या जन्मात भांडी घासली, पितळ उजळलं. राख काय करते हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

धर्मराज गेल्यावर मी म्हटलं, "गंगासागर, मी केलं हे."

ती म्हणाली, "दरसाली डबा पुसून तुमच्यापुढं मीच तर मांडत होते, आत्याबाई."

एवढंच. पुढं चार दिवस ती त्या पंधरा अक्षरांच्या मागं लागली. साठ वर्षांपूर्वीचा घाईतला तलाठी जिला वाचता येत होता, ती त्या पांढऱ्या जागेपुढं बसली. उन्हात धरून बघितलं. वर्षाराणीनं मोबाइलची बत्ती आडवी धरून फोटो काढले. दुकानाच्या वेळचं भिंग शोधून काढलं. एक अक्षर लागल्यासारखं वाटलं की ती मांडीवर लिहायची, थांबायची, पुसल्यासारखा हात फिरवायची. शाई उडाली तरी टाकाचा ओरखडा राहतो म्हणे, त्यावर ती वाचायची. इथं टाकच नव्हता, नुसती छापलेली शाई, आणि ती मी तेरा वर्षं उचलून नेली होती.

शुक्रवारी आम्ही तसाच फोन लावला. आधी यंत्र बोललं, मग माणूस आला. हिंदीत बोलत होता, फार अदबीनं. गंगासागरनं पहिला गट वाचला, शेवटचा वाचला.

"मॅडम, बीच के नंबर?"

तिनं स्टिकरवर बोट ठेवलं. मी फोन घेतला. "बाबा, बीच में भस्म लगाया था."

"क्या लगाया था, माताजी?"

"भस्म. दसरे को. पूजा में."

तो हसला असेल, पण ऐकू येऊ दिलं नाही. बिल आहे का, म्हणाला. बिल दुकानाच्या कागदांत होतं, आणि दुकान ज्यानं घेतलं त्यानं कागद कधीच चुलीत घातले होते. "माताजी, पूरे नंबर के बिना नहीं होगा," तो म्हणाला, आणि माफीही मागितली. त्याचं काय चुकलं होतं? तिकडं त्याच्यापुढंही पाच चौकटी असणार, आणि मधल्या तीन रिकाम्या.

मग नवीन लायसन विकत घ्यावं, तर धर्मराजनं फोनवर सांगितलं, "आता दुकानात मिळतंय ते नवं विंडोज. ते ह्या जुन्या डब्यात बसत न्हाई. आन् ह्याच्यात बसतंय ते जुनं आता दुकानात मिळत न्हाई. स्वस्तात नंबर विकणारे हायत, पण त्यातला कोणता कधी मरंल, सांगता येत न्हाई, वहिनी." म्हणजे डबाच नवा पाहिजे. नवा डबा आमच्या घरात कुठून येणार?

एकाच माणसाकडून आला असता. मी गंगासागरला न सांगता वीरभद्रला फोन लावला. शनिवारी दुपारी, ती हौदावर गेली असताना. जन्मात कुणापुढं हात पसरला नाही, पण पसरला.

"वीरभद्र, बहिणीला एक कॉम्प्युटर घेऊन दे बाबा."

त्यानं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मावशी, खरं बोलू का? रागावू नका. मी घेऊन दिला तर अक्का तिथंच राहील."

"राहू दे की."

"तिचं वय अडतीस. पोरगी आठवीत. तुमी किती दिवस पुरणार हाव?" मग लगेच म्हणाला, "पुण्याला आली की घेऊ कॉम्प्युटर. तिथं घेऊ."

मी फोन ठेवला. तो वाईट बोलला असता तर मी चार शब्द सुनावले असते.

सोमवारी तपासणी झाली. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, ताई, तुमच्यासारखं काम कुणाचं नाही, पण नियम आहे, मशीन बदला आणि मग कळवा. तिची जागा मात्र थांबवता येणार नाही म्हणाला. गंगासागर "बरं" म्हणाली. बटणांच्या पाटीवर फडकं टाकलं. वीट उचलून परसात नेऊन ठेवली. ती वीट ठेवली तेव्हा मला समजलं की ही जाणार.

पुढच्या आठवड्यात वीरभद्र गाडी घेऊन आला. मलाही चला म्हणाला, दोनदा म्हणाला. पण सिद्धाराम इथं आमच्या शेताच्या बांधाला मातीत बसलेला आहे (आम्हा लिंगायतांत बसवूनच पुरतात), त्याच्यावर दिवा कोण लावणार? निघताना गंगासागर पाया पडली. मी तिचे हात धरून ठेवले. वर्षाराणी म्हणाली, "आज्जे, डबा न्यायचा का?" गंगासागर म्हणाली, "राहू दे. आजीला सोबत."

त्याला तीन महिने झाले. पुण्यात कॉम्प्युटर अजून घेतलेला नाही. वीरभद्र घेणार होता, मग त्याच्या घरात दुखणं निघालं. गंगासागर एका कारखान्यात खोकी बांधते. दिवसभर उभं राहून. पाय सुजतो, पण ते ती सांगत नाही, वर्षाराणी सांगते. रविवारी फोन येतो. मागच्या रविवारी मी विचारलं, "हात कसे हायत गं?" ती म्हणाली, "खोक्याच्या पुठ्ठ्यानं कापतेत, आत्याबाई." मग मला म्हणाली, "जेवलात का?"

डबा कोपऱ्यात आहे. मी त्याच्यावर काही ठेवत नाही.

परवा शेजारच्या संगीताकडं नवा फ्रीज आला. तिनं हाक मारली, "मावशी, या, तुमच्या हातनं विभूती लावा." मी गोळा घेऊन गेले. बोटं ओली केली. सगळी बायकापोरं वाट बघत उभी. मी म्हटलं, "संगीता, आधी मला सांग, ह्याच्यावर कुठं काय लिहिलंय?"

ती हसली. "काय का लिहिलेलं आसंना, मावशी, लावा तुमी."

मी फ्रीज सगळ्या बाजूंनी बघितला. मागं एक कागद चिकटवलेला होता, त्यावर बारीक आकडे. मग मी बोटं पदराला पुसली, गोळा संगीताच्या हातात दिला आणि घरी आले.