चिंचेखालचा देव

आमच्या गल्लीच्या टोकाला पूर्वी गुऱ्हाळ होतं. गुऱ्हाळ गेलं, ऊस गेला, मागं एक चिंच तेवढी उरली, दोन माणसांच्या कवेत न मावणारी. मग तिथं सात मजली इमारतीचा फलक लागला आणि चिंचेच्या बुंध्यावर महापालिकेची नोटीस चिकटली. झाड तोडायला कुणाची हरकत असल्यास लेखी कळवावे. मी कळवलं. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस, हरकत चांगली चार पानी झाली. सुनावणीत साहेबांनी ती चाळली, बदल्यात रोपं लावली जातील असं सांगितलं आणि पुढच्याला बोलावलं.

माझी बाजू तरी कुठं धुतल्या तांदळासारखी होती? आमच्या मुलानं त्याच इमारतीत फ्लॅट घेतला होता. दोन खोल्यांत सहा माणसं राहत होतो, घर मलाही हवंच होतं. चिंच आडवी येत होती ती फक्त इमारतीच्या फाटकाला. ते चार हात बाजूला घेतलं असतं तर घरही झालं असतं आणि चिंचही राहिली असती. पण ते ऐकतो कोण?

वड-पिंपळ असता तर बायकांनी दोरा गुंडाळला असता, कुऱ्हाड लावायला माणूस दहादा कचरला असता. चिंचेला कुणी विचारत नाही. मग तिच्याखाली देव बसवायचा, ही कल्पना माझीच.

गल्लीत चाचांचं दुकान आहे. ते नंबर प्लेट आणि दुकानांच्या पाट्या रंगवतात. आमचा सकाळचा चहा कैक वर्षं एकत्र. आमच्या गच्चीवरच्या टाकीच्या झाकणावर वजनाला ठेवलेला दगड मी पिशवीत घालून त्यांच्याकडे नेला आणि शेंदूर फासू म्हणालो. शेंदूर पावसात धुऊन जातो, ऑइलपेंट मारू, असं त्यांचं मत पडलं. मारला. हात थांबेना म्हणून वर चंदेरी डोळेही काढले. आम्ही दोघं पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी फिरायला जाताना मी तो चिंचेखाली ठेवला आणि येताना गल्लीला सांगितलं, देव सापडला.

बिल्डर आला, बूट काढून पाया पडला आणि आठवड्याभरात नकाशा बदलून त्यानं फाटक सरकवलं. चार पानांनी झालं नाही ते एका दगडानं केलं. मी बरेच दिवस कॉलर ताठ करून हिंडलो.

इमारत झाली, लोक राहायला आले, आम्हीही आलो. अमावस्येला चिंचेखाली नारळ फुटू लागले. कुणाच्या पोराला नोकरी लागली, ती देवामुळं. आमची ही सुद्धा नैवेद्याचं ताट घेऊन जाऊ लागली आणि मला तिच्याकडे बघवेना. मग देव उघड्यावर बसलाय, त्याला देऊळ हवं, असं निघालं. पुढं फरशी, वर स्लॅब. चिंचेवर बगळे बसतात, देवावर घाण पडते. मुळं फरशी उचलतील. चिंच दारात चांगली नसतेच. तेव्हा झाड काढायचं घाटलं आणि सोसायटीची बैठक बोलावली गेली. बिल्डरनं हात वर केले. "सर, मी झाड सोडलंतं की," एवढंच तो म्हणाला. खोटं काय होतं त्यात?

बैठकीत खरं काय ते सांगून टाकायचं मी ठरवलं आणि आधी चाचांकडे गेलो. दगड मीच रंगवला म्हणून सांगेन, तुमचं नाव येणार नाही, असं म्हणालो. त्यांनी पाटीवरचं अक्षर पुरं केलं आणि ब्रश खाली ठेवला.

"ते डोळं कुणाच्या हातचं हाईत, गल्लीला कळत न्हाय व्हय?" ते म्हणाले. "माझ्या दुकानाच्या पाटीवर त्योच रंग हाय. आजपतूर कुणी नीट बघितलं न्हाय, कारण बघायची गरज पडली न्हाय. तुम्ही बोलला की बघतील. मला हितंच ऱ्हायचं हाय, सर."

ज्या माणसानं माझ्या एका शब्दावर हसत ब्रश उचलला होता, तो आज मला हात जोडत होता. सध्याचे दिवस कसे आहेत ते मलाही कळतं. देवाची चेष्टा करणारे आम्ही दोघं होतो, पण मार एकालाच बसला असता, आणि तो मी नव्हतो. बैठकीत मी तोंड उघडलं नाही. मला स्वतःची शरम वाटली, अजून वाटते.

झाड तोडायच्या आधी त्याच्या बुडाशी नारळ फोडायची आपल्याकडे रीत आहे. ज्याला देव सापडला त्याच्याच हातून फुटला पाहिजे, असं सगळ्यांनी ठरवलं. मी पाठदुखीचं निमित्त सांगितलं, तर दोघांनी मला धरून नेलं. करवतवाला मशीन घेऊन ताटकळत उभा होता. नारळ हातात दिला गेला. बायकोनं डोक्यावर पदर घेतला आणि डोळे मिटले.

एका फटक्यात फुटला. देवानं कौल दिला, असं लोक म्हणाले.