गाईची कुठली बाजू

सोमवारी चेन्नईत, मैलापूरच्या एका दवाखान्यात माझ्या वडिलांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. गुरुवारी पहाटे, अंदाजापेक्षा दहा दिवस आधी, गावाकडे त्यांची गाय व्याली.

वडील तंजावूरजवळच्या आमच्या गावात जन्मले आणि तिथेच भात पिकवत, गुरे राखत शहात्तर वर्षांचे झाले. आई गेल्यापासून ते एकटे राहतात. गोठ्यात आता एकच गाय आहे. पेरुंगुडीला माझ्या फ्लॅटवर ते एका अटीवर आले होते, महिन्याभरात परत. गाय शेजाऱ्यावर सोपवली होती. वाकायचे नाही, प्रवास नको आणि गोठ्याची धूळ तर नकोच, असे डॉक्टरांनी बजावले होते.

गुरुवारी दुपारपर्यंत शेजाऱ्याचे चार फोन आले. तो तमिळमध्ये बोलत होता. फोन स्पीकरवर होता.

"ऐया, कासेला हात लावू देत नाही. दोनदा लाथ खाल्ली. वासरू पितंय तेवढंच. कास दगडासारखी झाली आहे."

"पुढ्यात पेंढा टाकलास?"

"टाकला. पेंढा खाते आणि लाथ मारते."

"तुझा आवाज मोठा. तिला वाटत असेल, निवडणूक आली."

शेजारी हसला नाही. कास तुंबून राहिली की सड सुजतात आणि गाय दुधाला कायमची मुकू शकते. लहानपणी मी ते एकदा पाहिले आहे. वडील उठून पिशवी भरू लागले.

"संध्याकाळच्या बसने जातो."

"अप्पा, डोळा जाईल."

"मला डोळे दोन आहेत. तिला कास एकच."

मी वार्ताहर आहे; बातमीसाठी माणसांना विचारायची सवय आहे, तसे मी विचारले, "तुम्ही धार काढता म्हणजे नेमकं काय करता? पहिल्यापासून दाखवा."

"कशाला? सगळे काढतात तशीच काढतो."

तरी त्यांनी दाखवले. जेवणाचे टेबल गाय झाले, तिचे तोंड खिडकीकडे. वडिलांनी स्वयंपाकघरातले स्टूल उचलले, टेबलाच्या मागून वळसा घेतला आणि बसले. शेजारी फोनवर थांबला होता. दिसले तसे मी त्याला सांगत गेलो.

"आता डाव्या अंगाला बसले."

"डाव्या? आम्ही सगळे उजवीकडून बसतो."

वडिलांनी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला पाहिले. मग म्हणाले, "उजवीकडे भिंत आहे. गोठा बांधला तेव्हापासून."

शेजाऱ्याने उजेडासाठी गाय अंगणात आणून बांधली होती. तिथे भिंत नव्हती. तो त्याच्या सवयीने बसला होता. वडिलांनी त्याला पेंढा, पेंड, पाणी, वासराला कधी सोडायचे, सगळे सांगितले होते. बाजू सांगितली नव्हती. ती सांगण्याची गोष्ट आहे, हे त्यांना माहीतच नव्हते.

साडेपाचला फोन आला. डावीकडून बसल्यावर गाय शांत उभी राहिली, पाव बादली चीक निघाला. मागच्या एका सडातून मात्र गाठी आल्या. वडील बसला गेले नाहीत. शुक्रवारी सकाळी गुरांच्या डॉक्टरांनी गाय पाहिली आणि पाच दिवस औषध दिले.

महिन्याने डोळा तपासून झाल्यावर वडील गावी गेले. गाय तीन सडांवर दूध देते.