अक्काची चिंधी

शिशाची करडी गोळी, तिच्याखाली आईच्या विटक्या लुगड्याची गोल कापलेली चिंधी, आणि दोन्ही तोलून धरणारा माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, तळहात… कोकणातल्या बालपणाकडे वळून पाहिलं की आधी हेच दिसतं. चिंधीला खोबरेलाचा वास, अक्काच्या बोटांनाही तोच.

आमच्याकडे ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरत, आणि वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, बंदूक खांद्याला लावून शेतावर जात. नळीत आधी दारू ओतायची, मग तेलकट चिंधीत गुंडाळलेली गोळी गजानं ठासत थेट दारूपर्यंत न्यायची. प्रत्येक बंदूक वेगळ्या लोहाराच्या हातची, म्हणून प्रत्येक नळीचं माप निराळं आणि गोळ्या ओतायचा साचाही ज्याचा त्याचा. गोळी सैल बसली तर भलतीकडे जाते, फार घट्ट असली तर मध्येच अडकते, आणि मग बार नळीच फोडतो. तो केसभर फरक सांभाळायचा चिंधीनं. अक्का कापड चिमटीत चोळून बघायची, कोरं बाजूला टाकायची, धुऊन धुऊन विरत आलेलं निवडायची.

“गोळी नळीत कशी जायला हवी?” ती मला विचारायची आणि स्वतःच हसायची. “सासरी निघालेल्या मुलीसारखी. कुरकुरत, पण न अडता.”

तिचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं.

त्या वर्षी आमच्या साच्यातल्या गोळ्या संपल्या. ओतायला शिसं नव्हतं, म्हणून अण्णांनी शेजाऱ्याच्या बंदुकीच्या गोळ्या मागून आणल्या. अक्कानं एक बोटांत फिरवली.

“अण्णा, ही आपल्या साच्यातली नाही. हिच्यावर चिंधी बसायची नाही.”

“तू चिंध्या काप. बंदूक मला कळते.”

मी अंगणात त्यांच्याजवळच उभा होतो. गोळी अर्ध्यावर अडली. गज नेहमीपेक्षा वीतभर जास्तच बाहेर दिसत होता. अण्णांनी तो पाहिला, मीही पाहिला – तेवढ्यात खाचरातून ओरडा झाला, आणि अण्णा तशीच बंदूक घेऊन धावले. बार झाला तो नेहमीसारखा वाजला नाही. नळी फाटली होती. अण्णांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

पुढे हात बांधून ओटीवर बसलेले अण्णा चौकशीला येणाऱ्यांना सांगू लागले, “पोरीनं चिंधी जाड कापली.”

“काय रे, तू होतास ना तिथं? असंच झालं ना?” कुणीतरी मला विचारलं.

मी मान हलवली. होकारार्थी. अक्का दारात उभी होती. ती वळून आत गेली.

घरात येण्याआधीच पांढऱ्या पायाची, असं म्हणून मुलाकडच्यांनी सोयरीक मोडली. मग घाटावरचा एक बिजवर मिळाला. निघताना ती कुरकुरलीसुद्धा नाही. क्वचित माहेरी आली तरी कात्रीला हात लावायची नाही. आणि आमच्या घरात मात्र एक म्हण रुजली – खिट्टी बसेना, बरणीचं बूच लागेना, की सगळे हसून म्हणायचे, ‘अक्काची चिंधी’. मीही म्हणायचो. ती वारली त्यानंतरही म्हणत राहिलो, आणि माझ्याकडून ते माझ्या मुलानं उचललं.

आता मी त्याच्याकडे, जपानात ग्योतोकुला असतो. बैठकीच्या खोलीत अण्णांचा फोटो आहे, दोन बोटं नसलेला हात बंदुकीवर ठेवलेला. आलेल्या प्रत्येकाला मुलगा शूर आजोबांची गोष्ट सांगतो. मी चहा पीत ऐकतो…

परवा नात डब्याला झाकण लावत होती. लागेना. ती हसत म्हणाली, “अक्काची चिंधी!” मग थांबून तिच्या जपानीत मला विचारलं, “अक्का-सान त्ते, दारे?” अक्का म्हणजे कोण?

एवढ्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं. सोप्या मराठीत, गोळीसकट, माझ्या हललेल्या मानेसकट. ती नुसती ऐकत होती. कळलं की नाही, कोण जाणे.

आज सकाळी पुन्हा झाकण अडलं. “अक्काची…” म्हणून ती थबकली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “अण्णांची गोळी.”

मुलाच्या हातातला कप तसाच राहिला. “काय म्हणालीस?”

“बरोबर म्हणाली ती,” मी म्हटलं. “बस. सांगतो.”